थोडा उशिरा येणारा आवाज

गोंदियाच्या एका ज्युनिअर कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावरच्या संगणकाच्या खोलीत, अल्का गजभिये गेली बावीस वर्षं प्रयोगशाळा सहायक म्हणून काम करते. सकाळी कुलूप उघडायचं, चोवीस यंत्रं पुसून सुरू करायची, पोरांनी उपटलेल्या वायरी जागच्या जागी लावायच्या, संध्याकाळी पुन्हा कुलूप. शिकवणं तिचं काम नव्हे. पण मागच्या बाकावर बसून ती सरांचं शिकवणं ऐकत गेली आणि चारपाच वर्षांत अशी वेळ आली की प्रोग्राम अडला की सर तिच्याकडे न पाहताच म्हणत, "गजभिये मॅडम, जरा बघा हो."

तिच्या गावात मात्र हे कोणाला ठाऊक नाही. बिरसीच्या विमानतळावरून उडालेली शिकाऊ विमानं ज्या धानाच्या बांध्यांवरून, भाताच्या खाचरांवरून, वळण घेतात, तिथलं हे दीडशे घरांचं गाव. तिथे ती ‘टावरवाली बाई’ आहे. मोबाइलचा टॉवर गावात आणला तो तिने. चार वर्षं अर्ज केले, ग्रामसभेत उभी राहून बोलली, तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या. ते सगळं तिने का केलं हे गावाला ठाऊक होतं. खरं कारण मात्र तिचं तिलाच ठाऊक नव्हतं, तेही आठ वर्षं.

अल्काचं माहेर गोंदियातलंच. आई बिड्या वळायची. सुपात तेंदूपत्ता आणि समोर मुलीचं पुस्तक, असं बसून तिने अल्काला बारावी सायन्स करवली, मग संगणकाचा डिप्लोमा. नोकरी लागली आणि दोन वर्षांनी, २००४ मध्ये, चंद्रशेखर गजभियेचं स्थळ आलं. घरचं थोडं धान, एकुलता मुलगा, वडील भोजराज नुकतेच वारलेले. पाहायला आला तेव्हा तो चहाचा कप हातात धरून खाली मान घालून बसला होता. त्याची आई रुक्माबाई सगळ्यांच्या वाटचं बोलत होती. "माहा पोरगा कमी बोलते," ती म्हणाली. अल्काच्या आईला ते आवडलं. जास्त बोलणारा नवरा तिने स्वतः पाहिला होता.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी अल्काला उलगडा झाला. चंद्रशेखर तिला काहीतरी सांगायला आला आणि पहिल्याच अक्षरावर थांबला. ओठ मिटलेले, मानेच्या शिरा वर आलेल्या, डोळे घट्ट बंद. ‘ब’ निघेना. बराच वेळ गेला. शेवटी त्याने बोटाने दाखवलं: बादली. तिला हसू आलं नाही. ती उठून बादली घेऊन आली.

लहानपणापासून तो अडखळत होता. शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणता येईना म्हणून तो आठवीनंतर शाळेतच गेला नाही. अल्काने मनाशी ठरवलं की या माणसाला आपण त्रास पडू द्यायचा नाही. तो पहिलं अक्षर उच्चारायला लागला की ती शब्द पुरा करून टाकायची. दुकानात ती बोलायची, पाहुण्यांशी ती बोलायची, फोन तर नेहमी तीच करायची. तिला वाटे, आपण त्याचं ओझं हलकं करून राहिलो. तो हळूहळू सुरुवात करणंही सोडत गेला. हे तिच्या ध्यानात यायला फार वर्षं लागली.

२००७ मध्ये आचल झाली. तान्ह्या आचलला मांडीवर घेऊन चंद्रशेखर तासनतास बोलायचा आणि एकदाही अडायचा नाही. बैलांशीही तसाच बोले. पोरगी मोठी झाली, उलट प्रश्न विचारू लागली, तेव्हा तिच्याशी बोलतानाही जीभ अडू लागली. पण आचलला त्याचं काही वाटत नसे. ती हनुवटी तळव्यावर टेकवून बापाच्या तोंडाकडे पाहत बसे, शब्द येईस्तोवर. बापलेकीचं गूळपीठ होतं. सुट्टीच्या दिवशी ती त्याच्याबरोबर शेतात जायची आणि दुपारची भाकर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून खायची.

२०१४ च्या नोव्हेंबरात धानाची कापणी सुरू होती. कापलेल्या धानाच्या पेंढ्या बांधीत वाळत पडल्या होत्या. आचलच्या शाळेला सुट्टी होती, अल्का कॉलेजात होती, रुक्माबाई गावात. दुपारी आचल पेंढ्या उचलू लागली आणि खालचा नाग तिच्या पायाला डसला. सात वर्षांची पोर. चंद्रशेखरने तिला उचललं आणि धुऱ्या-धुऱ्याने गावाकडे धावत सुटला. दीड कोस. गावातून कोणाच्या तरी मोटरसायकलवर गोंदियाला. अल्का दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टर चादर नीट करत होते. त्यांनी नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

शेजारच्या गावात नंदलाल नावाच्या माणसाची जीप होती. अडल्यानडल्याला सगळे त्यालाच फोन करत. अल्काने नवऱ्याला विचारलं की नंदलालला फोन का नाही केला? चंद्रशेखर भिंतीला टेकून बसला होता, अंगाला चिखल होता. त्याने दोनच शब्द काढले आणि ते न अडखळता निघाले.

"रेंज नव्हती."

खेड्यात तेव्हा रेंज होतीही कुठे. झाडाखाली यायची, धुऱ्यावर जायची. सगळ्यांना पटलं. त्या दोन शब्दांना अल्काने पुढची चार वर्षं दिली. पंधरा दिवसांनी तिने पहिला अर्ज लिहिला. मग ग्रामपंचायत, तहसील, कंपनीचं ऑफिस. पोलीस पाटील म्हणाले, "बाई, असं केल्यानं पोरगी वापस येते का?" ती म्हणाली की दुसऱ्याची जाऊ नये म्हणून करते. ग्रामसभेत ती बोलायची तेव्हा चंद्रशेखर तिच्यामागे अर्जांची फाइल छातीशी धरून उभा असे. लोकांना त्याचंही कौतुक वाटे, मुका आहे बिचारा, पण बायकोची साथ सोडली नाही. २०१८ मध्ये टॉवर उभा राहिला. नारळ फोडायला तिलाच बोलावलं.

आचल गेल्यावर ‘आचलची माय’ हे नाव गावाने हळूच काढून घेतलं. कोणी अल्काबाई म्हणू लागलं, कोणी टावरवाली. दुसरं मूल झालं नाही. घरात तिघं होती आणि तिघांतला एकच आवाज ऐकू येई, रुक्माबाईचा, तोही भिंतीतल्या देवळीत बसणाऱ्या मांजरीशी.

आता आवाजाची गोष्ट. २०२१ च्या बुद्धपौर्णिमेनंतर, करोनाची बंधनं सैल झाली तसे लोक पुन्हा विहारात जमू लागले. एका रविवारी अंतर ठेवायला घराघरांनुसार बसवलं होतं, म्हणून अल्का चंद्रशेखरच्या अगदी मागे होती. सगळे मिळून वंदना म्हणत होते आणि त्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. भरदार, सलग. एकाही अक्षरावर तो थांबला नाही. सतरा वर्षं ती विहारात त्याच्याबरोबर येत होती, पण बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या, म्हणून असं कधी ऐकलं नव्हतं. घरी येऊन तिने तीच वंदना त्याला एकट्याला म्हणायला सांगितली. तो पहिल्या शब्दावरच अडला. मग ती त्याच्याबरोबर म्हणू लागली आणि तो सुटला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात तिने इंटरनेटवर शोध सुरू केला. अडखळणाऱ्या माणसाच्या कानात त्याचाच आवाज किंचित उशिराने सोडला, तर मेंदूला वाटतं बरोबर दुसरं कोणी बोलत आहे, आणि पुष्कळांची जीभ मोकळी होते, असं तिने वाचलं. तिने मोबाइलवर तयार ॲप उतरवून पाहिले. चंद्रशेखरच्या साध्या अँड्रॉइड फोनवर त्यांचा आवाज इतका मागे राही की तो बोलता बोलता पार गोंधळून जाई, आधीपेक्षा वाईट. फोनचा स्वतःचाच उशीर किती ते कळल्याशिवाय आपला उशीर नेमका घालता येत नाही, हे तिच्या लक्षात आलं. मग ते आपणच बनवायला हवं.

त्यासाठी एक लायब्ररी होती, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला, आपल्या प्रोग्रामला जोडून घ्यायचा भाग. माइकमधला आवाज त्याच क्षणी प्रोग्रामच्या हातात द्यायचा आणि प्रोग्रामने दिलेला आवाज त्याच क्षणी कानात पोचवायचा, एवढंच तिचं काम. ती विंडोजवर चाले, लिनक्सवर चाले, अँड्रॉइडच्या फोनवरही चाले. जगात कुठेकुठे बसलेल्या लोकांनी ती लिहून फुकट ठेवली होती. पण ठेवली होती ती कच्च्या स्वरूपात. प्रत्येकाने आपल्या यंत्रावर ती स्वतः बांधून घ्यायची आणि मग बसवायची. रुक्माबाईने एकदा विचारलं की सून इतके दिवस कोणती लायब्ररी बांधून राहिली, पुस्तकं ठेवाले जागा पाहिली का. अल्काला फार दिवसांनी हसू आलं.

तिने आधी कॉलेजच्या यंत्रावर सुरुवात केली, २०२२ च्या मे महिन्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं नसतात, पण सहायकाला यावंच लागतं. रिकाम्या खोलीत पंखा लावून ती बसे. बांधणी सुरू केली की पडद्यावर टक्के चढत, चाळीस, साठ, ऐंशी, आणि चौऱ्याऐंशीवर लाल ओळींचा लोट येई. एक फाइल सापडत नाही. ती फाइल आणली तर ती दुसरीच्या जिवावर. दुसरी आणली तर ती नव्या आवृत्तीची, हिला जुनी हवी. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी शंभर टक्के झाले आणि तयार लायब्ररी बसवताना यंत्राने सांगितलं की या फोल्डरात लिहायची तुम्हाला परवानगी नाही. कॉलेजचा पासवर्ड सरांकडे, सर गावाला. तिने स्वतःच्या फोल्डरात एक कोपरा केला, तिथे बसवली आणि प्रोग्रामला तिथली वाट दाखवून दिली. चाचणीचा प्रोग्राम सुरू केला तर हेडफोनमधून एक सरळ, बारीक शिट्टी आली. ती पाच मिनिटं ती शिट्टीच ऐकत बसली.

घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं. तिथे सगळं पुन्हा पहिल्यापासून, वेगळ्या चुकांसह. आवाजाचं खातं सांभाळणाऱ्या भागाच्या फाइली त्या यंत्रात मुळातच नव्हत्या आणि लायब्ररी काही न बोलता मुकी बांधली गेली होती. शिट्टी येईना. आठवडाभर तिला वाटलं स्पीकरच गेला. मग आवाज आला तर तडतड येऊ लागली, लाह्या फुटाव्या तशी. आवाज घोटाघोटाने पुढे जातो. घोट लहान ठेवला तर यंत्राची धांदल होऊन काही सांडतं, तीच ती तडतड. घोट मोठा ठेवला तर सांडत नाही पण उशीर वाढतो. या दोहोंच्या मधला घोट शोधण्यात पावसाळा गेला. बांधीत रोवणी झाली, निंदण झालं. चंद्रशेखर शेतावरून आला की ती त्याच्या कानांवर हेडफोन चढवे आणि तो निमूट बसे. त्याला यातून काही निघेल असं वाटत होतं का, हे तिने विचारलं नाही.

शेवटचं काम फोनचं. कॉम्प्युटर पाठीवर घेऊन कोणी शेतात जात नाही. फोनवरची लायब्ररी फोनवर बांधता येत नाही, ती कॉम्प्युटरवरच पण फोनच्या भाषेत बांधावी लागते. पहिल्यांदा चालली तेव्हा फोन सेकंदाला आवाजाचे जितके तुकडे देत होता त्यापेक्षा कमी तुकड्यांचा हिशेब तिने प्रोग्रामात धरला होता, म्हणून आवाज जाड आणि संथ झाला. चंद्रशेखरने एक शब्द बोलून हेडफोन काढला आणि तो तिच्याकडे पाहत राहिला. "ब... बाबा," तो म्हणाला. भोजराजचा आवाज तसा होता. तिने आकडा दुरुस्त केला. बिनवायरचे इअरफोन चालेनात, त्यांचा आपला वेगळाच उशीर, म्हणून साधे वायरचे घेतले. शेवटी उशीर ठरला तो सेकंदाच्या हजार भागांतले पंचाहत्तर.

ऑक्टोबरात एका सकाळी घरापुढच्या सपरीत बसवून तिने त्याच्या हातात वर्तमानपत्र दिलं. त्याने धानाच्या पिकावरच्या तुडतुड्यांची बातमी वाचायला घेतली. आवाज थोडा ओढल्यासारखा, सावकाश, पण सलग. पहिली ओळ, दुसरी, अख्खा रकाना. स्वयंपाकघरातून रुक्माबाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि दारात थबकली.

"कोन आला गा?" तिने विचारलं. पाहुणा शोधत ती सपरीभर नजर फिरवत होती. पंचेचाळीस वर्षांच्या पोटच्या पोराचा आवाज तिला ओळखू आला नव्हता. मग कळलं तेव्हा ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

पुढचे तीनचार आठवडे त्या घराने कधी न पाहिलेले होते. चंद्रशेखर कानात वायरी घालून दुकानात गेला, युरियाचं नाव स्वतः सांगितलं. गावातली पोरं हसली, त्याने लक्ष दिलं नाही. त्याने अल्काच्या आईला फोन केला आणि तब्येत विचारली. अल्का कॉलेजातून येई तेव्हा तो दिवसभराचं सांगायला बसलेला असे, कोणत्या बांधीत पाणी आहे, कोणती गाय आटली. ती ऐकत राही. तिला वाटे, सतरा-अठरा वर्षांनी आपलं लग्न होऊन राहिलं.

नोव्हेंबर लागला. एका रविवारी दुपारी, रुक्माबाई विहारात गेली असताना, त्याने तिला समोर बसायला सांगितलं. इअरफोन कानात होते. फोन मांडीवर होता.

"रेंज होती, अल्का," तो म्हणाला.

कोणती रेंज, हे तिला आधी कळलंच नाही.

"त्या दिवशी रेंज होती. नंदलालनं फोन उचलला. तीनदा लावला, तीनदा उचलला. कोन व्हय, कोन बोलून राह्यला, म्हनत होता. मले गावाचं नाव नाही सांगता आलं. माहं नाव नाही सांगता आलं. नुसता गावाचा ‘ब’ तोंडात धरून उभा होतो. ती माह्या खांद्यावर होती. मंग त्यानं फोन कापला. तिसऱ्यांदा कापल्यावर मी तिले घेऊन धावलो. धा मिनिटं गेली असतील त्यात. का पंधरा. मले नाही माहीत."

एवढं सगळं तो एका लयीत, न अडता बोलला. अल्काला समोर दिसत होतं की प्रत्येक वाक्य त्याच्या तोंडून निघून पुन्हा त्याच्याच कानात जात आहे. तो ते दोनदा ऐकत होता. तिला एकदा वाटलं हात लांब करून ती वायर काढावी, पण हात उचलला नाही.

"चार साल मी टावरसाठी भांडली," ती शेवटी म्हणाली. "तुमी फाइल धरून उभे होते."

"होतो."

"तवा काऊन नाही सांगतलं?"

"क... कसं सांगू?" तो म्हणाला. कानात वायरी असूनही तिथे तो अडला.

अल्का उठली, पिशवी घेतली आणि गोंदियाला आईकडे निघून गेली. अकरा दिवस ती तिकडेच राहिली. कॉलेजात जाई, यंत्रं सुरू करी, बंद करी. आईने विचारलं तर नुसतं डोकं दुखतं म्हणाली. तिला राग कशाचा होता हे तिचं तिलाच नीट सांगता येईना. फोनचा नव्हता. जीभ अडली यात त्याचा काय गुन्हा. खोटं बोलल्याचा होता, फाइलचा होता, ग्रामसभेत तिने रडून सांगितलं त्या एकेका दिवसाचा होता. आणि सगळ्यांखाली आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे ती पाहायचं टाळत होती. घरातला प्रत्येक फोन आपणच करत गेलो. प्रत्येक शब्द आपणच पुरा केला. तो शेतात पोरीला घेऊन एकटा उभा होता तेव्हा शब्द पुरा करायला आपण नव्हतो.

बाराव्या दिवशी घरी जाण्याआधी ती नंदलालकडे गेली. तो म्हातारा झाला होता, जीप विकून टाकली होती. अंगणात खाटेवर बसून त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "मले माहीत आहे, बाई. नंबर कोनाचा होता ते मले त्याच सायंकाळी माती देताना पोरीची गोष्ट ऐकून समजलं."

"तुमी कोनालेच नाही बोलले?"

"तो नाही बोलला. मी कायले बोलू? अन् बोललो असतो तर लोकांनी मलेच इचारलं असतं न, तीनदा फोन आला त तुले समजलं काऊन नाही." त्याने खांद्यावरच्या पंचाने तोंड पुसलं. "मले वाटलं कोनी पोरगं मस्करी करून राह्यलं. मी शिवी देऊन फोन ठेवला. शिवी दिली मी."

तिने त्याला पाणी आणून दिलं, कारण तो रडत होता आणि घरात दुसरं कोणी नव्हतं.

घरी आली तेव्हा चंद्रशेखर धानाचं पुंजणं रचून नुकताच आला होता. इअरफोन खुंटीला टांगलेले होते. अकरा दिवसांत तो एक शब्दही बोलला नव्हता, असं रुक्माबाई म्हणाली. अल्काने चूल पेटवली, भात लावला. तिघं जेवली. त्यांच्यात त्याविषयी पुढे भांडण झालं नाही की समजूतही निघाली नाही. सकाळी ती कॉलेजला जाताना त्याने तिचा डबा भरून ठेवला होता, तिने तो घेतला.

इअरफोन पुन्हा कानात गेले ते संक्रांतीच्या सुमारास. पण आता त्यांचा गुण उतरू लागला होता. कानाला सवय झाली की मेंदू फसत नाही, हे तिने तेव्हाच वाचलं होतं, मनावर घेतलं नव्हतं. पंचाहत्तरचे नव्वद केले, मग साठ केले. नवी आवृत्ती उतरवून लायब्ररी तिन्ही यंत्रांवर पुन्हा बांधली, पुन्हा बसवली. चारआठ दिवस बरे जात आणि ‘ब’ परत दात मिटून बसे. २०२४ चा उन्हाळा आला तोवर चंद्रशेखर पूर्वीइतकाच अडखळत होता. एक दिवस त्याने इअरफोन गुंडाळून तिच्या टेबलावर ठेवले. तिने ते खणात टाकले. त्या वर्षभरात तिने लायब्ररी कशी बांधायची, कोणत्या यंत्रावर कुठे अडते, हे मराठीत लिहून इंटरनेटवर ठेवलं होतं. यवतमाळकडच्या एका बाईचं पत्र आलं की पोराला थोडा फरक आहे. अल्काने तिला खरं तेच कळवलं, फरक टिकेलच असं नाही, पण जे दिवस मिळतील त्यात त्याला बोलू द्या.

मे महिन्यातल्या एका दुपारी दोघंच सपरीत बसली होती. रुक्माबाई आत निजली होती. बाहेर ऊन इतकं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. अल्काने तो प्रश्न तेव्हा विचारला. गेलं दीड वर्ष तो तिच्या जिभेवर होता. त्याआधीची आठ वर्षं तिने विचारला नव्हता, कारण उत्तर येणार नाही हे तिने धरून ठेवलं होतं.

"तुमी तिले घेऊन धावत होते तवा ती काय म्हनत होती?"

चंद्रशेखरने तिच्याकडे पाहिलं. मग तो सांगायला लागला. कानात काही नव्हतं. पहिल्याच अक्षरावर मानेच्या शिरा वर आल्या, डोळे मिटले, ओठ थरथरले, आणि ती हलली नाही. एक शब्द आला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. सावली सपरीच्या एका दगडावरून दुसऱ्या दगडावर गेली तेवढ्यात त्याची चारच वाक्यं झाली. ती रडत नव्हती, तो म्हणाला. दुखते असंही म्हणत नव्हती. तिच्या एका पायातली चप्पल बांधीत पडली होती आणि ती सारखी म्हणत होती, बाबा, मागं फिरा, माही चप्पल राहिली. तो म्हणाला, मी नाही फिरलो.

चप्पल कोणती ते अल्काला ठाऊक होतं. धम्मचक्र दिनाला तिनेच गोंदियाच्या बाजारातून आणली होती, लाल पट्ट्याची. पोरीचे पाय भराभर वाढतात, पुढच्या सालीही चालावी म्हणून तिने मुद्दाम एक नंबर मोठी घेतली होती.